‘पाडा’ लिहिलेल्या भिंतींवरचा रंग

चीनमधल्या जुन्या वस्त्यांतून फिरायचं असेल तर आधी एक अक्षर ओळखायला शिकावं: छाय. पांढऱ्या किंवा लाल रंगात, बहुतेक वेळा वर्तुळाच्या आत, ब्रशने घाईघाईत ओढलेलं. अर्थ एवढाच, की ही इमारत पाडायची आहे. इथल्या भिंतचित्रांची गोष्ट या अक्षरापासून सुरू होते.

झांग दाली हा चित्रकार १९९५ साली इटलीहून बीजिंगला परतला. बोलोन्यात असताना तो स्प्रेने भिंती रंगवायला शिकला होता. परतल्यावर त्याने पाडायच्या घरांवर स्वतःच्या टकलाची बाजूने दिसणारी रेघ ओढायला सुरुवात केली. एका दमात ओढलेली एकच रेघ, आणि कधी शेजारी ‘एके-४७’ किंवा ‘१८-के’ अशी सही. काही वर्षांत असे दोन हजारांहून जास्त चेहरे झाले. पुढे तर तो गवंड्यांकडून त्याच आकाराचं भगदाड पाडून घेई, म्हणजे पडक्या भिंतीतून मागचा जुना राजवाडा किंवा नवा टॉवर दिसे. भिंत जाणारच हे धरून चालायचं आणि त्या जाण्यालाच चित्रात घ्यायचं, ही इथली रीत त्याच्यापासून पडली. आज विशीतली मुलं जे करतात, त्यातही ती दिसते.

दुसरं एक लिखाण याहून कितीतरी जास्त आढळतं आणि कुणी त्याला कला म्हणत नाही. ‘बानचंग’ ही दोन अक्षरं आणि पुढे मोबाइल नंबर, म्हणजे खोटी प्रमाणपत्रं बनवून देणाऱ्यांची जाहिरात. जिन्यात, विजेच्या खांबावर, पुलाखाली, सगळीकडे. लोक याला ‘शहराचं खरजुलं’ म्हणतात. पालिकेची माणसं त्यावर करडा रंग फासतात, तो मूळ भिंतीच्या रंगाशी कधीच जुळत नाही, आणि जागोजाग चौकोनी ठिगळं राहतात. ही ठिगळं बघायची सवय लावून घ्या. जिथे ती ताजी आणि दाट असतात, तिथे कुणाचंच चित्र टिकत नाही.

कायदा साधा आहे. शहरांचं रूप आणि स्वच्छता यांविषयीच्या १९९२च्या नियमावलीत स्पष्ट म्हटलंय की इमारती, सार्वजनिक बांधकामं आणि झाडं यांवर कुणीही काही लिहू-कोरू नये. पोस्टर लावायचं असेल तरी मंजुरी हवी. अंमलबजावणी ‘चेंगग्वान’ म्हणजे शहर-व्यवस्थेची माणसं करतात. ते पोलीस नसतात, पण पोलिसांना बोलावू शकतात. त्यामुळे रीतसर काम करणारे आधी भिंतीच्या मालकाकडे जातात, मग वॉर्ड ऑफिससारख्या ‘जिएदाओ’ कार्यालयात. सोबत रंगीत कच्चं चित्र, भिंतीचा फोटो, मापं आणि कामाचे दिवस द्यावे लागतात. नकाशा, झेंडा, गणवेश, नेत्यांचे चेहरे असलेलं चित्र अडकतं. फुलं, मासे, मांजरी, परिसराचा इतिहास, ऑपेराचे मुखवटे सहज सुटतात. इतक्या भिंतींवर मांजरी का, याचं उत्तर बरंचसं यात आहे.

विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: विद्यापीठाची संमती आणि निवास परवान्यावर तशी नोंद नसताना पैसे घेऊन भिंत रंगवणं हे बेकायदा काम ठरतं. चित्र कितीही सुंदर असो.

सरकारने स्वतः रंगवून घेतलेला सगळ्यात मोठा नमुना चोंगचिंगमध्ये आहे. जिउलोंगपो भागातल्या हुआंगजुएपिंग रस्त्यावर सिचुआन ललित कला संस्थेचा जुना परिसर आहे. २००७ साली त्या रस्त्याच्या दुतर्फा असलेल्या राहत्या इमारती तळापासून गच्चीपर्यंत रंगवल्या गेल्या. लांबी सव्वा किलोमीटर, रंगवलेलं क्षेत्र सुमारे ५० हजार चौरस मीटर, काम करणारे कारागीर आणि विद्यार्थी मिळून आठशेच्या वर. मोनोरेलच्या २ नंबर लाइनवर यांगजियापिंगला उतरून टॅक्सीने जाता येतं. पहिल्या नजरेत ते भव्य वाटतं. थोडं थांबून बघितलं की कळतं, हे एका हुकमावर झालेलं काम आहे, आणि खरी मजा खालच्या आठ-दहा फुटांत आहे: विद्यार्थ्यांनी नंतर चिकटवलेली कागदी चित्रं, स्टेन्सिल, शटरवरची अक्षरं. शेजारी ‘टँक लॉफ्ट’ आहे, म्हणजे रणगाड्यांच्या जुन्या गोदामात थाटलेले स्टुडिओ. आणि जियाओतोंग चहाघर चुकवू नका. आत एकही चित्र नसलं तरी चालेल असं ते ठिकाण आहे. लाकडी बाकं, पत्ते खेळणारे म्हातारे, चित्रं काढत बसलेली मुलं. ते टिकलं त्यामागे चेन आनजियान या चित्रकाराचा मोठा हात आहे. त्याने वर्षानुवर्षं तिथल्याच माणसांची चित्रं काढली.

आता प्रत्यक्ष भिंतीचं काम. सहा मीटर बाय तीन मीटरची भिंत धरू, म्हणजे १८ चौरस मीटर. तारेच्या ब्रशने सुटे पोपडे काढायचे, धूळ झाडायची. पांढरा लोणा दिसला तर कोरड्या ब्रशने झटकायचा, पाण्याने धुवायचा नाही. पाण्याबरोबर क्षार आत जातात आणि पंधरा दिवसांनी रंग ढकलत पुन्हा बाहेर येतात. मग बाहेरच्या भिंतीच्या पाण्याच्या रंगाचे रोलरने दोन हात. गुळगुळीत भिंतीला चार लिटर पुरतो, खरबरीत काँक्रीटला दुप्पट लागतो. हा पाया टाळला तर विटा स्प्रेचा महागडा रंग पिऊन टाकतात. दुसऱ्या दिवशी भिंतीवर फिकट रंगात वेड्यावाकड्या खुणा आणि अक्षरं काढायची, तिचा फोटो घ्यायचा, आणि फोनमध्ये त्यावर आपलं कच्चं चित्र अर्धपारदर्शक करून ठेवायचं. मग कुठली रेघ कुठल्या खुणेजवळून जाते ते बघत आखणी होते. प्रोजेक्टर लागत नाही, अंधाराची वाट बघावी लागत नाही.

स्प्रेचा डबा साधारण ४०० मिलिलिटरचा असतो आणि एका थरात दोनएक चौरस मीटर झाकतो. आधी मोठ्या तोंडाच्या टोपीने (म्हणजे डब्यावरच्या नोझलने) सपाट रंग, मग सावल्या, मग उजळ ठिपके, आणि बारीक टोपीने बाहेरची रेघ शेवटी. डबा भिंतीजवळ धरून हात सावकाश फिरवला की ओघळ येतात. ओला ओघळ पुसू नये, वाळू द्यावा आणि त्यावर पुन्हा रंग मारावा. काम थांबवताना डबा उलटा धरून नुसता वायू येईपर्यंत दाबायचा, नाहीतर टोपी तुंबते. थंडीत दाब कमी होऊन रंग थुंकल्यासारखा उडतो, म्हणून डबे जॅकेटच्या आत ठेवतात. शेगडीजवळ किंवा गरम पाण्यात ठेवू नयेत, फुटतात. मास्क सेंद्रिय वाफ शोषणाऱ्या फिल्टरचा हवा. साधा एन-९५ धूळ अडवतो, वाफ अडवत नाही.

हवामानही आधी बघावं. शांघायमध्ये जूनच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत ‘मेइयू’ असतो, आलुबुखार पिकतात तेव्हाचा चिकट पाऊस. त्या दिवसांत भिंत आतून वाळतच नाही. चोंगचिंगचं धुकं हिवाळाभर हाच त्रास देतं. ऑक्टोबर सगळ्यात चांगला.

आणखी एक अडचण नवख्यांना हमखास येते. इथे मेट्रोच्या प्रत्येक स्टेशनवर बॅग एक्स-रेतून जाते, आणि स्प्रे पेंट आत नेता येत नाही. रेल्वेतही तेच. ऑनलाइन मागवलेले डबे विमानाने जात नाहीत, जमिनीवरूनच येतात, म्हणून पोचायला वेळ लागतो. जिथे भिंत आहे त्याच शहरात दुकान शोधायचं, आणि डबे टॅक्सीने किंवा सायकलवर न्यायचे.

शांघायची मोगानशान रोडवरची भिंत एके काळी देशभरातल्या पोरांना ठाऊक होती. सुचौ खाडीच्या काठी, एम-५० या जुन्या सूतगिरणीतल्या गॅलऱ्यांच्या अगदी जवळ. रोज नवा थर चढायचा. मागच्या मोकळ्या जागेवर बांधकाम सुरू झालं, भिंत बरीचशी गेली, आणि २०२१च्या डिसेंबरमध्ये तिथे खांबाखांबावर झाडं लावलेला ‘हजार झाडं’ हा मॉल उघडला. तिचं जाणं फार मोठं नुकसान होतं असं आमचं मत आहे. तिथे परवानगीशिवाय, पण कुणाला त्रास न देता, नवशिके आणि मुरलेले एकाच पट्टीत शेजारी काम करत. ती जागा दुसऱ्या कुठल्या भिंतीने भरून निघाली नाही.

भरून काढली ती बॅगेत मावणाऱ्या वस्तूंनी. कागदी पुस्तिका, स्टिकर, बिल्ले. बीजिंगमध्ये २०१५ला सुरू झालेला ‘एबीसी’ कलापुस्तक मेळा आणि शांघायचा २०१८पासूनचा ‘अनफोल्ड’, इथे मुलं स्वतः छापलेल्या पुस्तिका मांडून बसतात. चीनमध्ये पुस्तक विकायला सरकारी पुस्तक-क्रमांक लागतो, तो प्रकाशनसंस्थेमार्फतच मिळतो. त्यामुळे या पुस्तिका छोट्या संख्येत, हातोहात फिरतात. आवडली तर तिथेच घ्या, नंतर मिळत नाही.

कार्टून-प्रेमींचा बाजार त्याहून कितीतरी मोठा. कार्टून-पात्रांच्या या वस्तूंना म्हणतात ‘गूत्स’. शेवटचा उच्चार आपल्या ‘चूल’मधल्या च सारखा. हा इंग्रजी ‘गुड्स’चा चिनी अवतार, पण त्या अक्षरांचा मूळ अर्थ आहे राळं, आपल्याकडे भाताऐवजी शिजायचं तेच धान्य. म्हणून असली खरेदी करण्याला ही मुलं ‘धान्य खाणं’ म्हणतात. शांघायच्या नानजिंग पूर्व रस्त्यावर २०२३च्या जानेवारीत उघडलेला ‘बायलियान झेडएक्स’ हा अख्खा मॉल याच धान्याचा आहे.

त्यातला राजा म्हणजे ‘बाजी’, पत्र्याचा गोल बिल्ला, बहुतेक ५८ मिलिमीटरचा. तो घरी बनवता येतो. लागतं काय: हाताने दाबायचं यंत्र, वरची पत्र्याची वाटी, पिनची पाठ, पारदर्शक फिल्म आणि छापील कागद. ५८च्या बिल्ल्याला कागद ७० मिलिमीटर व्यासाचा कापतात, कारण कड मागे वळते. चेहरा आणि अक्षरं मधल्या ५४ मिलिमीटरच्या आत ठेवावीत. कागद १०० ते १२० ग्रॅमचा. जाड घेतला तर यंत्र अडतं किंवा वाटीला सुरकुती येते. इंकजेटची शाई दमट हवेत फिल्मखाली फुटते, लेझरची टिकते. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे पिन तिरकी बसते आणि लावल्यावर पात्राचं डोकं कलंडतं. त्यासाठी कागदाच्या वरच्या कडेला खूण करून ती यंत्राच्या एकाच बाजूला ठेवत जायची. पहिले दहा वाया जातील असं धरूनच पत्रा घ्यावा.

पैसे देण्याचं: अलीपे या पेमेंट अ‍ॅपला भारतीय व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडता येतं, मात्र बँकेकडून परदेशी वापर आधी सुरू करून घ्यायचा. २०० युआनपर्यंत जादा आकार नाही, वर ३ टक्के. दुकानांत हे चालतं. मेळ्यातल्या मुलांकडे मात्र व्यापारी क्यूआर कोड नसतो, स्वतःचा वैयक्तिक कोड असतो, आणि परदेशी कार्ड तिथे अडतं. दहा-वीस युआनच्या नोटा खिशात असू द्या. मेळ्यांची तिकिटं नावानिशी निघतात, पासपोर्टवर जसं नाव छापलंय त्याच क्रमाने भरावं.

बिल्ल्यांवरच्या चेहऱ्यांमध्ये सध्या नेझा, चिनी पुराणकथांतला बालदेव, फार दिसतो. २९ जानेवारी २०२५ला आलेल्या ‘नेझा २’ने देशात १५०० कोटी युआनच्या वर कमाई केली, जगातला सर्वाधिक कमाईचा अ‍ॅनिमेशनपट तोच. दिग्दर्शक यांग यू, टोपणनाव ‘जियाओझ’, शिक्षण औषधशास्त्राचं. नोकरी सोडून आईच्या पेन्शनवर राहत त्याने साडेतीन वर्षांत एकट्याने एक छोटी फिल्म केली, ती २००८ला आली. चेंगदूत त्याचा संघ आहे. ‘नेझा २’साठी १३८ स्टुडिओ आणि चार हजारांहून जास्त माणसं लागली. एवढं काम एका छताखाली मावत नाही, म्हणून एक स्टुडिओ फक्त पाणी करतो, दुसरा फक्त केस किंवा साखळ्या. नव्याने शिकून बाहेर पडलेल्या मुलांना इथे पहिली नोकरी मिळते ती अशा एखाद्या तुकड्यावर.

आणि हा नेझा आपल्याला अगदी परका नाही. बौद्ध ग्रंथांतून चीनमध्ये पोचलेला नलकूबर, कुबेराचा मुलगा, तोच पुढे नेझा झाला असं अभ्यासक मानतात. कृष्णाने उखळ ओढत उन्मळून पाडलेल्या दोन अर्जुनवृक्षांपैकी एक तो.

मोठ्या पडद्यापलीकडचं काम बघायचं तर बिलिबिली या व्हिडिओ साइटवर. तिथे पूर्ण सदस्यत्वासाठी १०० प्रश्नांची परीक्षा असते, ६० गुण लागतात. १ जानेवारी २०२३ला तिथे सुरू झालेल्या शांघाय अ‍ॅनिमेशन स्टुडिओच्या छोट्या कथामालिकेतल्या एका डुकराच्या गोष्टीतून २०२५च्या ऑगस्टमध्ये पूर्ण लांबीचा हाती काढलेला चित्रपट आला आणि तोही तुफान चालला. एकट्याने केलेल्या, विचित्र, न विकल्या जाणाऱ्या फिल्म मात्र बीजिंगच्या ‘फेइनाकी’ अ‍ॅनिमेशन सप्ताहात भेटतात, २०१९पासून. आमची पसंती त्याला.

भिंती शोधायला ‘शाओहोंगशू’ हे अ‍ॅप वापरा. शहराचं नाव आणि ‘थूया’ हा शब्द टाका, पण यादी ‘नवीन आधी’ अशी लावा. सर्वांत आवडलेले फोटो वर येऊ दिले तर दोन-तीन वर्षांपूर्वीच्या भिंती दिसतात, आणि पत्त्यावर पोचल्यावर निळ्या पत्र्याचं कुंपण मिळतं. महिन्याभरातला फोटो असेल तरच निघा. चित्र सापडलं तर फोटोत शेजारचा दार-क्रमांक येईल असं बघा, आणि त्याच रात्री टाका.