शिस्टरबाई

आईच्या मृत्यूच्या दाखल्यावर जन्मतारीख आहे १ जून १९३८. ही तारीख तिची नाही, शाळेच्या हेडमास्तरांची आहे. अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनला येतो, तो या मास्तर लोकांच्या कृपेने. आमच्या आजीच्या हिशेबाने आई जन्मली तेव्हा ज्वारी काढणीला आली होती. म्हणजे माघ-फाल्गुन असणार. साल कुठलं, ते त्या ज्वारीलाच ठाऊक. यंदा आषाढात ती गेली तेव्हा कागदावर ८७ वर्षांची होती. खरी अठ्ठ्याऐंशीची असेल, नव्वदीचीही असेल.

तिचं माहेर उस्मानाबादकडचं, म्हणजे तेव्हाच्या निजामाच्या राज्यातलं. १९४८ साली रझाकारांच्या भीतीने त्या भागातली पुष्कळ माणसं हद्द ओलांडून बार्शीकडे गेली, त्यात हीही होती. बार्शी मुंबई इलाख्यात. त्या दिवसांबद्दल विचारलं की पोलीस ॲक्शन, भाषणं, झेंडे यातलं ती काहीच सांगायची नाही. सांगायची ती एका नर्सबाईचं. पांढरं लुगडं नेसलेली कोणी बाई आसऱ्याला आलेल्या लोकांना पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, सुई टोचायला यायची. "ह्या एवढ्या मिशावाल्या गड्यांना म्हणायची, बाही वर कर. आन् ते मुकाट करायचे." हे सांगताना आईच्या चेहऱ्यावर सत्तर वर्षांनंतरही तीच मजा दिसायची.

सातवी झाली, लग्न झालं, आणि लग्नानंतर तिने नर्सेसचं ट्रेनिंग केलं. सासरच्या भावकीला हे मुळीच पटलेलं नव्हतं. परक्या बायकांचं बाळंतपण करायचं, रात्री-अपरात्री कुणाच्याही दारात जायचं, आणि वर नोकरी! आमचे अण्णा शिंपी. त्यांनी भावकीशी वाद घातला नाही, मशीन बैलगाडीत घातलं आणि बायकोच्या नोकरीच्या गावी आले. पुढची सगळी वर्षं त्यांचं मशीन आईच्या क्वार्टरच्या ओसरीत चाललं.

ते गाव औसा तालुक्यातलं. १९६१ साली ती रुजू झाली तेव्हा जिल्हा उस्मानाबाद होता आणि जिल्हा परिषदा अजून व्हायच्या होत्या. १९८२च्या ऑगस्टमध्ये लातूर जिल्हा वेगळा झाला, त्यामुळे एका जिल्ह्यात लागलेली नोकरी तिने त्याच भागात राहून दुसऱ्या जिल्ह्यात संपवली. पदाचं नाव एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसाविका. गावात तिला कोणी एएनएम म्हटलेलं मी ऐकलं नाही. शिस्टरबाई. आम्ही तिघं भावंडं म्हणजे शिस्टरबाईचा, शिस्टरबाईची आणि शिस्टरबाईची धाकली.

तिच्याकडे पाच-सहा गावं आणि वर दोन तांडे होते. टूर असली की ती पहाटे निघायची आणि आमच्यासाठी चिठ्ठी ठेवायची पिठाच्या डब्यात. टेबलावर ठेवलेली चिठ्ठी आम्ही पाहिलीच नाही म्हणू शकलो असतो. भाकरीसाठी डबा उघडावाच लागायचा. चिठ्ठ्या तिच्या टूर डायरीच्याच भाषेत असत. 'दूध तापवले आहे, पुन्हा तापवणे. धाकटीस ताप वाटल्यास कपाळावर पट्टी, गोळी अण्णांकडे. पाढे सोळापर्यंत. केस विंचरून ठेवणे, आल्यावर तेल लावीन.' आणि खाली सही. खरोखर सही, हुद्द्यासकट. रात्री किती का वाजेनात, आली की तेल लावायची. मी झोपेत असले तरी डोकं मांडीवर ओढून घ्यायची. त्या हाताला डेटॉलचा वास असायचा, आणि अजूनही दवाखान्यात गेले की मला भीतीऐवजी झोप येते.

गावात नवी सुई आली की पहिली आमच्या दंडात. चावडीसमोर, सगळ्यांच्या देखत. पंढरपूरच्या वारीच्या आधी पटकीची सुई टोचून घेणं सक्तीचं असायचं. ती फार दुखायची, रात्री ताप भरायचा, त्यामुळे लोक शेतात पळून जायचे. मग शिस्टरबाई आपल्याच पोरांना रांगेत उभं करायची. दादा रडायचा. मी रडायची नाही, कारण रडलं नाही तर अण्णा उरलेल्या कापडाची पिशवी शिवून द्यायचे. माझ्याकडे अशा पुष्कळ पिशव्या जमल्या.

पण तिच्या नोकरीतली खरी लढाई नारूची. आजच्या पोरांना नारू म्हणजे काय तेच माहीत नाही, आणि हे आईसारख्या बायकांचं यश. मी लहान असताना आमच्या गावात उन्हाळा आला की घराआड एक माणूस लंगडत असायचा. प्यायच्या पाण्यात सायक्लॉप्स नावाचे बारके किडे असतात, त्यांच्या पोटात नारूची अळी. पाणी प्यायलं की अळी शरीरात जाते आणि साधारण वर्षभराने जंत होऊन बाहेर येते, बहुतेकदा पायातून. आधी फोड, मग आग. ती आग थांबवायला माणूस पाय पाण्यात बुडवतो आणि जंताच्या हजारो अळ्या त्या पाण्यात सुटतात. आमच्याकडे पाणी पायऱ्यांच्या बारवेचं. त्याच पायऱ्या उतरून बायका घागर बुडवायच्या, त्याच पायऱ्यांवर लंगडे पाय धुवायचे. औषध नाही, लस नाही.

दादा सहा-सात वर्षांचा असताना त्याच्या घोट्याजवळ नारू निघाला. शिस्टरबाईच्याच घरात! आईने रोज संध्याकाळी कंदिलाजवळ बसून तो काढला. ओल्या फडक्याने जागा शेकायची, जंताचं टोक काडेपेटीच्या काडीला गुंडाळायचं आणि काडी हळूहळू फिरवायची. पांढुरका, दोऱ्याएवढा जाड. दिवसाला बोट-दोन बोटं यायचा. जरा ओढलं आणि तुटला की पाय सुजून पू होणार, म्हणून ती श्वास रोखूनच काम करायची. मग काडी तशीच पायावर पट्टीत बांधून उद्यावर ठेवायची. तो जंत हातभराहून लांब निघाला. दादाला बारवेकडे फिरकायचीही बंदी होती. अण्णांनी त्याला मशीनच्या पायाशी बसवून काजं-बटणं शिकवली. आज तो इंजिनिअर आहे, पण काज सुरेख करतो.

त्यानंतर आई बारवेच्या मागे लागली, आणि पुढे कित्येक वर्षं लागलेलीच होती. ऐंशीच्या दशकात सरकारचा नारू निर्मूलनाचा कार्यक्रम आला तेव्हा तिला बळ मिळालं. पायऱ्या बुजवा, कठडा बांधा, रहाट लावा, हे तिचं तुणतुणं. गाव म्हणायचं, बारवेत महादेव आहे, पायऱ्या कशा बुजवणार? शेवटी तोड निघाली. महादेवाच्या बाजूच्या पायऱ्या राहिल्या, पण पाण्यापर्यंत जाणाऱ्या शेवटच्या पायऱ्यांपुढे भिंत आली. देवाला पाणी रहाटाने. पाण्यात टाकायचं अबेट नावाचं औषध आलं, तर गावात बोंब उठली की शिस्टरबाई इख कालवलालीय. तिने औषध टाकलेल्या पाण्याचा तांब्या भरला आणि पंचायतीसमोर उभ्याने प्याली. मग अण्णांना कामाला लावलं. दुहेरी कापडाच्या, घागरीच्या तोंडावर बसतील अशा गाळण्या त्यांनी शिवल्या, काठाला नाडी घालून. कापड कुठून आणलं, हे त्या दोघांनी कधी सांगितलं नाही. आईच्या लग्नातल्या पेटीतली धोतरं नंतर दिसली नाहीत, एवढं मी पाहिलं.

आई निवृत्त झाली ३१ मे १९९६ला. देशातला नारूचा शेवटचा रुग्ण त्याच जुलैमध्ये राजस्थानात, जोधपूर जिल्ह्यात सापडला. आमच्याकडे तो त्याआधीच संपला होता. २०००मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला ती पेपरातली बातमी तिने कापली आणि देवघरात नाही, पिठाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवली.

सगळं असं अभिमानाचं नव्हतं. १९७६ साली नसबंदीची टार्गेटं आली आणि केसेस भरल्या नाहीत म्हणून वरच्या ऑफिसने तिचा पगार अडकवला. राज्यात तिसऱ्या मुलानंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकही त्या वर्षी पास झालं होतं. त्यावर राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून ते तिथेच थांबलं. आई कुटुंबनियोजनाच्या बाजूची होती, तांबी बसवण्यात तिचा हात कोणी धरत नसे. पण म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि बिनलग्नाच्या पोरांना गाडीत घालून न्यायला तिने साफ नकार दिला. शेवटी अण्णाच उठले. तीन लेकरं, म्हणजे माणूस नियमात चपखल बसत होता. ते स्वतः टेबलावर झोपून आले आणि आईच्या यादीत एक नाव पडलं. गावातले गडी चोरून विचारायला आले, काय होतं, कसं होतं? अण्णा म्हणाले, "बटण लावण्याइतकं बी काम नाही." त्या महिन्यात चार-पाच जण आपल्या पायांनी गेले. पगार मात्र त्यानंतरही बऱ्याच दिवसांनी निघाला, आणि तोवर आमचं घर शिलाईवर चाललं.

किल्लारीबद्दल ती फार बोलायची नाही, म्हणून मीही थोडंच लिहिते. ३० सप्टेंबर १९९३, आदल्या रात्री गणपती बुडवून लोक झोपले होते, पहाटे चारच्या सुमाराला भूकंप झाला. तिकडची घरं दगड-मातीची, वर माळवद. दोन-दोन हात जाडीच्या भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. आई तेव्हा पंचावन्नची. पहिल्या जीपने गेली आणि पंधरवड्याने परत आली. धनुर्वाताची इंजेक्शनं, ड्रेसिंग, पाण्यात ब्लीचिंग पावडर. एका गावात ढिगाऱ्यातून तिथल्या नर्सचं रजिस्टर निघालं. त्यात घरवार लेकरांची नावं होती. ते हातात घेऊन ती ओळीने नावं पुकारत फिरली. ओ आली की पुढे टिक. एवढंच एकदा तिने मला सांगितलं.

तेराव्याला गावातून दोन जीप भरून माणसं आली होती. जो तो म्हणाला, माउलीनं लेकरांसाठी हाडाची काडं केली. नातेवाइकांनीही तेच म्हटलं, व्हॉट्सॲपवर तर चित्रासकट आलं. मी मान हलवत राहिले, कारण त्या दिवशी वाद घालायचा नसतो. आता घालते. हाडाची काडं तिने केलीच. पण नोकरी करणाऱ्या बाईचं सगळं आयुष्य त्यागाच्या खात्यावर टाकलं की लोकांना बरं वाटतं. मग ती बाई घराबाहेर का गेली, याचा जाब तिला विचारावा लागत नाही. माझ्या आईला ते काम आवडायचं. चिखलात बैलगाडी रुतली तरी आवडायचं. सरपंचाला 'बाही वर कर' म्हणायला तर फारच आवडायचं. आणि आम्हीही तिला आवडायचो. या दोन गोष्टींचं एकमेकींशी भांडण तिच्या डोक्यात कधी नव्हतं.

हे मी अंदाजाने म्हणत नाही, तिला विचारलेलं आहे. मार्च २०२१मध्ये साठीच्या पुढच्यांना करोनाची लस सुरू झाली तेव्हा मी तिला पुण्यात एका केंद्रावर नेलं. खुर्चीत बसल्या बसल्या तिने त्या तरुण सिस्टरची उलटतपासणी घेतली. व्हायल कधी फोडली? किती डोस झाले? वेळ लिहिलीय का वर? पोरगी गोंधळली. मी ओशाळून सांगितलं, आई रिटायर्ड एएनएम आहे. तशी ती पोरगी खुर्चीतून उठली आणि चक्क वाकून पाया पडली. आई म्हणाली, "पाया नंतर पड, आधी सुई सरळ धर."

मग अर्धा तास निरीक्षणाच्या खोलीत बसायचं होतं. सगळे मास्क लावून गप्प. मी तिला म्हटलं, आई, आमच्यासाठी किती केलंस गं तू, एवढी नोकरी, एवढी वणवण.

तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की चावडीपुढचे दिवस आठवले. "तुमच्यासाठी? तुम्हाला काय, तुमच्या बापाच्या शिलाईवर बी भागलं असतं." मग दाराकडे मान वळवून बघत म्हणाली, "अन् ती पोरगी बघ, हात न धुता दुसरी व्हायल धरलालीय." अर्धा तास व्हायला अजून बराच वेळ होता, पण ती काठी टेकत उठली आणि सांगायला गेली.