वीज गेल्यावर सोलर चालतो का?

पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या त्या सोसायटीची वार्षिक सभा गणपती गेल्यानंतरच्या रविवारी होती. वर्ष २०२४. विषय क्रमांक नऊ, गच्चीवर सोलर, त्यासाठी मला वीस मिनिटं. हवामानबदलावर काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत मी आहे. पॅनल विकणं माझं काम नाही, सोसायटीला ठरावापर्यंत आणणं माझं काम. ठेकेदार नंतर येतो, बोलणी आधी मी खाते.

सोसायटीच्या सभेचं एक तंत्र असतं. कोरम भरत नाही, सभा अर्धा तास तहकूब होते, मग आहेत तेवढ्याच लोकांत रीतसर सुरू होते. त्या अर्ध्या तासात, चहा आणि वेफर्सवर, निम्मे ठराव ठरून जातात. मी तो अर्धा तास प्रोजेक्टरची वायर शोधण्यात घालवला.

आमच्या प्रशिक्षणात समाजशास्त्रज्ञ एव्हरेट रॉजर्स यांची १९६२ची मांडणी शिकवतात: नवी गोष्ट आधी मोजके लोक उचलतात, बाकीचे त्यांच्याकडे बघून. तिच्या मुळाशी अमेरिकेत आयोवातल्या मक्याच्या संकरित बियाण्याचा अभ्यास आहे. तिथल्या शेतकऱ्यांना बियाण्याची माहिती विक्रेत्यांकडून कळली होती, पण ते पेरायचा विश्वास शेजाऱ्यांमुळे आला. हे मी स्वतः इतरांना शिकवते. तरीही इथे मी फक्त अध्यक्षांना धरलं होतं. निवृत्त इंजिनिअर, दारात इलेक्ट्रिक गाडी. मला वाटलं, आपला मोहरा मिळाला.

गच्चीचं काम मात्र मी मन लावून केलं होतं. तीनदा वर चढले. पाण्याची टाकी, लिफ्टची खोली, शेजारची उंच इमारत, यांची डिसेंबरातली सावली मांडली, कारण तेव्हा सूर्य खाली असतो आणि सावल्या लांबतात. ओळीतल्या एका पॅनलवर सावली पडली तरी अख्खी ओळ ढेपाळू शकते. स्लॅबला भोकं नकोत म्हणून काँक्रीटचे ठोकळे, कारण वरच्या मजल्यावरचे लोक गळतीच्या नावानेच बिथरतात. एकानं सुचवलं, पॅनल उंच बसवा, खाली कुरडया घालता येतील. पॅनलखाली सावली असते हो! मी पूर्वेची पट्टी वाळवणासाठी मोकळी ठेवली. या पट्टीचा मला आजही अभिमान आहे.

प्लांट २० किलोवॅटचा. वर्षाची सरासरी धरली तर रोज साधारण ८० युनिट, पावसाळ्यात बरेच कमी. लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे त्यावर निघतील, उरलेली वीज नेट मीटरमधून, म्हणजे घेतलेली आणि दिलेली वीज मोजणाऱ्या मीटरमधून, परत लाइनला. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान, म्हणजे ३,६०,०००. कोळशाची वीज वाचल्यानं वर्षाला सुमारे वीस टन कार्बन डायऑक्साइड वाचतो, ही माझी पहिली स्लाइड. तेव्हा लोक बिस्किटं पुढे सरकवत होते.

मग सातव्या मजल्यावरच्या काकू उठल्या. "जुलैत खडकवासला धरणाचं पाणी सोडलं, पहाटे आपल्या पार्किंगमध्ये शिरलं, वीज गेली. आमच्या ह्यांना वॉकर लागतो. पोरांनी खुर्चीत बसवून जिन्यानं उतरवलं. तेव्हा हे पॅनल असते तर लिफ्ट चालली असती का?"

मी म्हटलं, "नाही."

कारणही सांगितलं. साधा सोलर लाइनला जोडलेला असतो. लाइन मेली की पॅनलची वीज घरच्या विजेत बदलणारा इन्व्हर्टर आपोआप बंद होतो, नाहीतर खांबावर चढलेल्या लाइनमनला शॉक बसेल. चालू ठेवायचा तर बॅटरी आणि वेगळा इन्व्हर्टर हवा, त्याचा खर्च निराळा. खोलीतला आवाज एकदम चढला. "मग काय उपयोग!" विषय नऊ पुढच्या सभेवर ढकलला गेला. अध्यक्ष जिन्यात हळूच म्हणाले, "मॅडम, हे आज सांगितलं नसतंत तरी चाललं असतं."

ते वाक्य मला जास्त टोचतं, कारण त्यांच्याशी पहिली बैठक ऑगस्टमध्ये झाली होती. तेव्हाही मला हे माहीत होतं. स्लाइडवर टाकलं नाही. कुणी विचारत नाही, असं मनाशी म्हटलं. ज्या सोसायटीत दोन महिन्यांपूर्वी पाणी शिरलं, तिथे हे कुणी विचारणार नाही?

सभा संपल्यावर काकू मला गच्चीवर नाही, पार्किंगमध्ये घेऊन गेल्या. भिंतीवर गाळाची रेघ होती, माझ्या कमरेच्या वर. मीटरच्या पेट्या रेघेखाली. जनरेटरही खालीच, तोही बुडाला होता. "आधी हे वर न्या. मग तुमचं ते कार्बनचं बघू." त्या भिशी चालवतात, तीस बायकांची. आमच्या संपर्कयादीत त्यांचं नाव नव्हतं. यादी मीच केली होती.

पंधरा दिवसांत त्यांच्या भिशीतून सह्यांचा कागद फिरला. एक, मीटर वर घेणं. दोन, जनरेटर पोडियमवर. तीन, एका लिफ्टपुरती आणि एका पंपापुरती बॅटरी, तिची चौकशी. चार, सोलर. अध्यक्षांनीही सही केली, सगळ्यात शेवटी.

आमच्या मासिक अहवालात 'बसवलेले किलोवॅट' असा रकाना आहे. त्यात मी शून्य लिहिलं. वर उचललेल्या मीटरसाठी रकाना नाही, मी शेऱ्यात लिहिलं. वरिष्ठांचा फोन आला: हे आपल्या कामात कसं बसतं? अजून उत्तर दिलेलं नाही. शनिवारी काकूंबरोबर इलेक्ट्रिशियनला भेटायला जायचं आहे, लिफ्टची मोटर सुरू होताना किती करंट घेते ते मोजायला.