आधी लहान व्हा, मग उडी मारा: ‘अ‍ॅलिस: मॅडनेस रिटर्न्स’ कसा खेळावा

लुईस कॅरलच्या १८६५ आणि १८७१च्या पुस्तकांमधली अ‍ॅलिस ‘अ‍ॅलिस: मॅडनेस रिटर्न्स’मध्ये वयाने वाढलेली आहे आणि मनाने मोडलेली. घराला लागलेल्या आगीत आई, वडील आणि बहीण गेले, ती एकटी वाचली. आता १८७५च्या लंडनमध्ये एक डॉक्टर तिला संमोहनाखाली घेऊन जुनं सगळं विसरायला लावतोय. अमेरिकन मॅगी (‘अमेरिकन’ हे त्यांचं नावच) या गेम डिझायनरच्या शांघायमधल्या स्पायसी हॉर्स स्टुडिओने हा गेम २०११मध्ये आणला. २०००चा पहिला भाग खेळलेला नसला तरी काही अडत नाही.

डॉक्टर विसरायला सांगतो आणि गेम पावलोपावली लक्षात ठेवायला लावतो. प्लॅटफॉर्मिंगची, म्हणजे हवेतल्या एका पायरीवरून (प्लॅटफॉर्मवरून) दुसरीवर उड्या मारत जाण्याची, अख्खी रचना यावरच उभी आहे, म्हणून मला हा गेम इतका महत्त्वाचा वाटतो. पुस्तकातली अ‍ॅलिस बाटलीतलं पेय पिऊन लहान होते. इथे ती बटण दाबून हवी तेव्हा लहान होते, आणि लहान असेपर्यंत एरवी न दिसणारे प्लॅटफॉर्म जांभळट रंगात दिसतात. भिंतींवर खडूने काढल्यासारखे बाण आणि चित्रंही उमटतात. मात्र लहान असताना उडी मारता येत नाही. मूळ आकारात आलात की प्लॅटफॉर्म हळूहळू विरतो. तो नाहीसा होत नाही, फक्त दिसेनासा होतो. म्हणजे आधी पाहायचं, मनात नकाशा पक्का करायचा आणि मग आठवणीच्या भरवशावर उडी टाकायची.

बहुतेक जण इथेच घाई करतात. लहान होतात, पहिला प्लॅटफॉर्म दिसला की लगेच झेप घेतात आणि दुसऱ्यापाशी पोचेपर्यंत सगळं विरून गेलेलं असतं. त्यापेक्षा कडेला उभं राहून कॅमेरा पूर्ण फिरवा. पुढचे दोन-तीन टप्पे एखाद्या न विरणाऱ्या खुणेशी जोडून ठेवा: ‘खांबाच्या डावीकडे, मग वाफेच्या झोतासमोर’ असं. प्रत्येक प्लॅटफॉर्मवर उतरल्यावर पुन्हा लहान होऊन बघा. त्याला काही खर्च नाही आणि कितीही वेळा करता येतं. दरीत पडलात तरी जीव जात नाही. अ‍ॅलिस फुलपाखरांमध्ये विरून जवळच्याच जागी परत येते, त्यामुळे शंका आली की उडी मारून खात्री करून घ्यावी.

उडीचंही तंत्र आहे. हवेत असताना पुन्हा उड्या मारता येतात आणि बटण दाबून धरलं की घेरदार फ्रॉकवर ती तरंगत खाली येते. सगळ्या उड्या सुरुवातीलाच भराभर खर्च केल्या की उंची मिळते, पण अंतर कमी पडतं. लांब दरी ओलांडताना उडी, थोडं तरंगणं, खाली येऊ लागताच पुढची उडी, असा क्रम ठेवा. शेवटची उडी उतरण्याच्या जागेजवळ राखून ठेवली तर चुकलेला अंदाज सुधारता येतो.

शस्त्रंही पुस्तकांतूनच आलीत. डचेसच्या स्वयंपाकघरातल्या मिरपुडीमुळे सगळे शिंकत असतात आणि तिचं बाळ डुक्कर होतं. गेममध्ये मिरपुडीची चक्की बंदुकीसारखी चालते आणि जागोजागी लटकणाऱ्या डुकराच्या नाकांवर ती मारली की वाट उघडते. घुरघुर ऐकू आली की थांबून वर बघा, नाक जवळपास असतंच. चक्की सलग चालवली तर तापून बंद पडते, म्हणून थोड्या थोड्या वेळाने बोट उचला. सशाच्या आकाराचा किल्लीचा बॉम्ब शत्रूचं लक्ष वळवतोच, शिवाय दाबाच्या कळीवर वजन म्हणूनही ठेवता येतो. कळीवरून उतरताच दार बंद होत असेल, तर उत्तर हेच.

लढाईत सर्वात दुर्लक्षित वस्तू म्हणजे छत्री. काळ्या चिकट द्रवातून उगवणारे, बाहुल्यांच्या चेहऱ्यांचे मोठे राक्षस आगीचे गोळे फेकतात. लॉक-ऑन करून, म्हणजे नजर एकाच शत्रूवर खिळवून, गोळा अगदी जवळ आल्यावर छत्री उघडा. तो उलट जाऊन राक्षसाला लागतो, आणि तो डळमळला की चेहऱ्यांवर सुऱ्याने वार करायचे. ढाल धरणाऱ्यांवर सुरा वाया जातो, तिथे लाकडी घोडा (हातोड्यासारखं जड शस्त्र) हाणा. जीवनशक्ती गुलाबांमध्ये मोजली जाते (माळी पांढरे गुलाब लाल रंगवतात, तो प्रसंग आठवा). ती अगदी तळाला गेली की ‘हिस्टेरिया’ वापरता येतो: थोडा वेळ इजा होत नाही आणि वार जोरदार बसतात. शत्रूंचा घोळका उरला असेल तरच वापरा. सापडणारे दात हे इथलं चलन आहे. ते सगळ्या शस्त्रांवर थोडे थोडे उधळू नका, आधी सुरा आणि मग चक्की वाढवा.

पीसीवर दोन गोष्टी आधीच करून घ्या. गेम सेकंदाला ३१ फ्रेम्सना (चित्रांना) बांधलेला आहे. डॉक्युमेंट्समधल्या ‘माय गेम्स’ फोल्डरमध्ये गेमच्या नावाचा फोल्डर असतो. त्यातल्या कॉन्फिग फोल्डरमधली ‘अ‍ॅलिसइंजिन’ ही आयएनआय फाइल नोटपॅडमध्ये उघडा आणि ‘मॅक्स स्मूद्ड फ्रेम रेट’समोरचा ३१ हा आकडा ६० करून सेव्ह करा. आधी फाइलची प्रत काढून ठेवा. उड्यांच्या वेळेत फरक लगेच जाणवतो. दुसरी गोष्ट फिजएक्सची, म्हणजे धूर, तुकडे अशा हालचाली खऱ्यासारख्या दाखवणाऱ्या एनव्हिडियाच्या तंत्राची. ग्राफिक्स कार्ड एनव्हिडियाचं नसेल तर हे सेटिंग कमीत कमी ठेवा, नाहीतर तो भार प्रोसेसरवर पडतो आणि नेमक्या लढाईत खेळ अडखळतो.

लंडनच्या भागात उडी नाही की लढाई नाही, नुसतं चालायचं आणि लोकांचं बोलणं ऐकायचं. ते भाग पळत संपवू नका, कारण वंडरलँडमधल्या, म्हणजे उड्या-लढाया जिथे होतात त्या तिच्या मनातल्या जगातल्या, विकृत जागांचा अर्थ तिथूनच लागतो. वाटेत लपवलेल्या आठवणी म्हणजे घरच्यांचे आणि ओळखीच्यांचे छोटे ध्वनी-तुकडे. त्या वगळूनही शेवटपर्यंत पोचता येतं, पण आगीच्या रात्रीचं सत्य जुळवायला त्याच लागतात. मेनूमध्ये त्या पुन्हा ऐकता येतात, आणि शेवटाकडे सुरुवातीच्या आठवणी पुन्हा लावल्या तर काही वाक्यं अगदी वेगळी ऐकू येतात.

उणिवा खऱ्या आहेत. अध्याय गरजेपेक्षा लांब आहेत. तिसऱ्या अध्यायापर्यंत कळ दाबा, दार उघडा, घोळका मारा हे चक्र थकवतं. शाईच्या चित्रासारखा बाजूने दिसणारा टप्पा तिथे सुटकेसारखा येतो. एका बैठकीत एक अध्याय पुरे. पाचवा, बाहुलीघराचा अध्याय मात्र वेगळ्या अर्थाने जड आहे. त्यात मुलांवरच्या अत्याचाराचा विषय उघड येतो. गेम प्रौढांसाठीच आहे, आणि हा विषय ज्यांना त्रास देतो त्यांनी हे जाणूनच तो सुरू करावा.

काही आठवणी सुटल्याच, तर गेम संपल्यावर ‘न्यू गेम प्लस’ निवडा. वाढवलेली शस्त्रं सोबत राहतात, लढाया पटकन उरकतात आणि सगळा वेळ शोधाशोधीला देता येतो.