आईला मत नाही

"मी इकडे आले म्हणून मला मत मिळालं. आई तिकडे पोन्से शहरातच राहिली, तिला नाही."

अमेरिकेतल्या ऑरलँडोत आज डबा खाता खाता ऑफिसातली पोर्तो रिकोची मैत्रीण सहज बोलून गेली. पासपोर्ट दोघी मायलेकींचा अमेरिकेचाच! घास घशाखाली उतरेना.

पोर्तो रिको हे कॅरिबियनमधलं बेट १८९८ पासून अमेरिकेच्या ताब्यात, नागरिकत्व १९१७ पासून. तरी बेटावर राहणाऱ्याला राष्ट्राध्यक्ष निवडता येत नाही. २०२० मध्ये सुमारे ५२ टक्के मतदारांनी अमेरिकेचं पूर्ण राज्य होण्याला कौल दिला. अमेरिकी काँग्रेसवर, म्हणजे तिथल्या संसदेवर, तो बंधनकारक नव्हताच.

आईला मात्र स्वातंत्र्य हवंय. १९४८ च्या कायद्याने बेटाचा झेंडा घरात लावणंसुद्धा गुन्हा ठरवलं होतं, ते त्या घरात कुणी विसरलेलं नाही.

राज्य की स्वातंत्र्य, त्यांचं त्यांनी ठरवावं. पण त्यांनी ठरवलेलं वॉशिंग्टनमध्ये ऐकणार कोण?