झिरो पॉइंट चार

लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही, त्यातली तीन वर्षं तपासण्या फक्त बायकोच्याच चालल्या होत्या, हे आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं लिहायला सोपं जाईल. सोनोग्राफी, थायरॉइड, आणि ते ट्यूबमध्ये औषध सोडून एक्सरे काढतात ते. त्यादिवशी तिचं ओरडणं मला बाहेर बाकड्यावर ऐकू आलं आणि मी मोबाईल बघत बसलो होतो. माझी टेस्ट करा असं कुणी म्हणालं नाही, मग मीपण गप्पच. आई सौंदत्तीला जाऊन नवस बोलून आली, तोसुद्धा सुनेच्या नावानं.

शेवटी एका डॉक्टरबाईंनी फाईल चाळली आणि विचारलं, ह्यांचा वीर्याचा रिपोर्ट कुठाय? नव्हताच की.

लॅबमधली खोली म्हणजे संडासच, कडी अर्धीच बसायची, बाहेर एकजण कानडीत ओरडतोय "सँपल यारदु?", कुणाचं सँपल म्हणून, आणि मी आत डबी धरून उभा. दोन ते सात दिवसांचा खाडा ठेवून या म्हणतात, मी चार दिवसांनी गेलो होतो. डबी दिल्यावर त्या पोरानं ती उजेडात धरून तिरकी केली, तळाला जरासं काहीतरी चिकटलेलं, आणि विचारलं, सगळं आलंय काय, की सांडलं? त्याचा प्रश्न बरोबरच होता म्हणा, सांडल्यामुळंच लई जणांचा आकडा कमी येतो, खरं माझं सांडलं नव्हतं. रिपोर्टात वीर्य ०.४ मिली. शेजारी नॉर्मल कमीत कमी १.५ छापलेलं, ते २०१० चं, २०२१ मध्ये डब्ल्यूएचओनं ते १.४ केलंय, तरी मी कुठं बसतोय त्यात!

उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला असलेला मित्र म्हणाला, मर्दा, बदाम खा आणि ही पावडर घे. पावडर दोन महिने दुधातून घेतली. काय झालं? वजन वाढलं आणि शुगर चढली.

मग डॉक्टरबाईंनी नीट समजावलं. वीर्यातला बहुतेक द्रव वीर्यकोशातून आणि प्रोस्टेटमधून येतो, शुक्राणूंचा वाटा त्यात अगदीच थोडा. म्हणजे पाणी कमी म्हटल्यावर बी तयारच होत नाही असं लगेच समजायचं नाही, कुठं अडलंय काय, दुसरीकडं जातंय काय हे बघावं लागतं. मग शुगर कधीपासून विचारलं. सोळाव्या वर्षापासून इन्सुलिन घेतोय. त्यावर सरळ विचारलं, संबंधानंतर लघवी गढूळ येते काय? माझ्या तोंडातून शब्द फुटेना. येते. चारपाच वर्षं बघतोय, कुणाला सांगायचं हे, बायकोलापण नाही सांगितलं.

ह्याला रेट्रोग्रेड म्हणतात. वीर्य बाहेर पडताना मूत्राशयाचं तोंड आवळून बंद व्हायला पाहिजे, खरं वर्षानुवर्षाच्या शुगरनं तिथल्या नसा ढिल्या पडतात, तोंड उघडंच राहतं आणि माल पुढं यायचा तो मागं मूत्राशयात जातो. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन देतात त्या गोळीनंपण कधीकधी होतं म्हणे. टेस्ट सोपी, सँपल झालं की लगेच लघवी द्यायची आणि ती मशीनमध्ये फिरवून मायक्रोस्कोपखाली बघतात. माझ्या लघवीत शुक्राणू सापडले, हलणारेपण! लघवीत काहीतरी सापडलं म्हणून कुंदा वाटावा असं वाटणारा बेळगावात मी एकटाच असेन.

आता आधी गोळ्यांनी ते तोंड आवळतंय काय बघायचं, शुगर ताब्यात ठेवायची. नाहीच जमलं तर लघवीतले शुक्राणू काढून, धुवून, गर्भाशयात सोडायचे. लघवीच्या आंबटपणानं ते मरतात म्हणून आधी खायचा सोडा घ्यावा लागतो, किती आणि कधी ते डॉक्टरच सांगणार, आपल्या मनानं घ्यायचा नाही.

आईला स्वयंपाकघरात सांगितलं, दोष माझ्यात आहे म्हणून. तिनं भाकरी उलटली, तव्यावर फुगेपर्यंत काही बोलली नाही. मग म्हणाली, "तिला आधी सांगितलास काय?"

सांगितलं होतं, आदल्या रात्रीच. तिनं सगळं ऐकून घेतलं, गढूळ लघवीचं लपवल्याबद्दल दोन दिवस बोलली नाही, ते बरोबरच होतं. तिसऱ्या दिवशी फळीवरची डबी हातात घेऊन विचारते कशी, "सोडा म्हणजे हाच काय हो? ह्यातला घेऊ नका, भज्याला लागत्या."