तुम्ही विचारलंत म्हणून: अर्पणपत्रिका अमेरिकेलाच का?

जोतीराव फुल्यांच्या ‘गुलामगिरी’वर बोलून झालं की हा प्रश्न येतोच. 1873 च्या या पुस्तकाची अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना आहे, तिथल्या काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी सोसलं म्हणून. मग कुणीतरी उठतं : “ताई, इंग्रजांनी तर तीस वर्षं आधीच गुलामगिरी बंद केली होती. मान त्यांचा नको का?”

सनावळी बरोबर आहे. ब्रिटनचा कायदा 1833 चा, अमेरिकेची तेरावी घटनादुरुस्ती 1865 ची. पण त्या कायद्याचा पैसा कुठे गेला ते बघा. सरकारने 2 कोटी पौंड नुकसानभरपाई दिली, वर्षाच्या सरकारी खर्चाच्या जवळपास चाळीस टक्के. ती मिळाली मालकांना. गुलामांना छदामही नाही. उलट ‘उमेदवारी’च्या, म्हणजे काम शिकण्याच्या, नावाखाली 1838 पर्यंत त्याच मालकाच्या उसात बिनपगारी राबायचं. भरपाईसाठी काढलेलं कर्ज फिटलं 2015 साली. जमैका या ब्रिटनच्या जुन्या कॅरिबियन वसाहतीतून ब्रिटनमध्ये गेलेल्या, गुलामांच्याच वंशजांनी भरलेला करही त्यात आला. मला हे अजून पचत नाही.

आणि ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख त्या कायद्यातून वगळला होता. आपल्याकडे 1843 उजाडावं लागलं.

अमेरिकेला मी सोडत नाही. 1808 पासून गुलामांच्या आयातीला बंदी, तरी 1860 च्या जनगणनेत जवळपास 40 लाख गुलाम. पण त्यांनी वेचलेला कापूस जायचा कुठे? बराचसा इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांत. अमेरिकेतल्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धात तो अडला, तेव्हा मुंबईत कापसाला सोन्याचा भाव आला. गुलामगिरी कायद्याने बंद केलेला देश गुलामांच्याच कापसावर गिरण्या चालवत होता. दोघांची खाती वेगळी काढताच येत नाहीत.

मान द्यायचाच तर मला आधी सॅम्युअल शार्प आठवतो. जमैकातला गुलाम, चर्चमधला धर्मोपदेशक. 1831 च्या नाताळात त्याने साथीदारांना सांगितलं, मजुरी मिळाल्याशिवाय ऊस तोडायचा नाही. हजारो गुलाम उठले, मळे पेटले. 1832 च्या मे महिन्यात शार्प फासावर गेला. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये कायदा झाला.

अमेरिकेतही यादवी युद्धात, गुलामगिरीवाल्या दक्षिणेविरुद्ध, उत्तरेच्या सैन्यात सुमारे 1 लाख 79 हजार काळे शिपाई लढले. त्यांतले कितीतरी काल-परवापर्यंत कुणाच्या तरी मालकीचे होते. जोतीरावांच्या त्या ‘सदाचारी लोकांत’ मी या शिपायांनाही धरते.