सेल्मा ते माँटगोमेरी: पुलावर थांबू नका, पुढे जा

अलाबामातल्या सेल्माला जाणारे बरेचजण एडमंड पेटस पुलावर फोटो काढतात आणि तासाभरात गाडी वळवतात. माझी विनंती आहे, पूर्ण दिवस काढा. १९६५ च्या मार्चमध्ये कृष्णवर्णीयांच्या मतदानाच्या हक्कासाठी निघालेला मोर्चा ज्या दिशेने गेला त्याच दिशेने, म्हणजे सेल्माहून माँटगोमेरीला, यूएस ८० हायवेने जा. अंतर ८७ किलोमीटर. गाडीला तासभर पुरतो, पण थांबत थांबत गेलात तर सकाळपासून संध्याकाळ होते.

आम्ही अटलांटाहून आदल्या दिवशी निघून माँटगोमेरीत मुक्काम केला. रस्ता साधारण अडीच तासांचा. अलाबामात घड्याळ एक तास मागे जातं, तेव्हा म्युझियमच्या वेळा तिथल्या घड्याळाने बघा. पहाटे उठून सेल्मा गाठलं. सोबत आई होती. ती निवृत्त शिक्षिका, निवडणुकीच्या कितीतरी ड्युट्या केलेली. मतदार यादी, पुरवण्या, बोटाची शाई हे सगळं तिने हाताळलेलं. त्यामुळे पुलाआधी तिला कोर्टाची इमारत बघायची होती, आणि तेच बरोबर ठरलं.

सेल्मा ज्या डॅलस काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं) येतं, तिच्या या कोर्टात मतदार नोंदणीचं ऑफिस होतं. महिन्यातून दोनच दिवस उघडायचं. काउंटीत मतदानाच्या वयाचे सुमारे १५,००० कृष्णवर्णीय होते, यादीत नावं होती जेमतेम ३००. नाव लावायला गेलं की लेखी परीक्षा, राज्यघटनेवरचे प्रश्न, आणि पास-नापास ठरवणारा गोरा कारकून. वर मतदानासाठी वेगळा कर. रांगेत नुसतं उभं राहिल्याचं मालकाला कळलं तरी नोकरी जायची. काउंटीचा पोलिस प्रमुख, म्हणजे शेरीफ, जिम क्लार्क आणि त्याची माणसं दंडुके घेऊन याच पायऱ्यांवर उभी असत. २२ जानेवारी १९६५ ला शंभरावर कृष्णवर्णीय शिक्षक रेव्हरंड फ्रेडरिक रीस यांच्यामागे इथे चालत आले. अटक होणार हे गृहीत धरून कित्येकांनी टूथब्रश बरोबर आणले होते. हे ऐकून आई पायरीवरच बसली. म्हणाली, "अगं, मास्तर लोक नोकरीवर पाणी सोडून आले म्हणजे बघ."

तिथून ब्राउन चॅपल चर्च. मोर्चे इथूनच निघायचे. इमारतीच्या दुरुस्तीचं काम बरंच चाललेलं असतं, म्हणून आत जायला मिळेल हे धरून चालू नका. बाहेरून बघून पुलाकडे पायी निघा. गाडी अलीकडेच लावा.

पुलाला मधे चढ आहे. सेल्माच्या बाजूने चालायला लागलात की पलीकडचं टोक दिसतच नाही, दिसतो तो फक्त चढ आणि वरची लोखंडी कमान, तिच्यावर एडमंड पेटस हे नाव. हा अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूने लढलेला सेनानी, पुढे सिनेटर झालेला. ७ मार्चला चळवळीतले नेते जॉन लुईस आणि होझिया विल्यम्स यांच्यामागे सुमारे ६०० माणसं फुटपाथवरून, दोन-दोनच्या रांगेत हा चढ चढली. माथ्यावर आल्यावरच त्यांना खाली उभे पोलिस दिसले. मग लाठ्या, अश्रुधूर, घोडे. लुईस यांची कवटी फुटली, सेल्मातल्या कार्यकर्त्या अमेलिया बॉयंटन बेशुद्ध पडल्या. तुम्हीही माथ्यावर पोचलात की क्षणभर थांबा. खाली खोलवर नदी आहे, मागे फिरायला जागा कमी आहे, आणि तरी ते पुढे गेले. वाहतूक जोरात असते, मुलांचा हात सोडू नका. उन्हाळ्यात सकाळी लवकर चाला, दुपारचं ऊन सोसवत नाही.

शेवटी कोर्टाच्या आदेशाने, लष्कराच्या संरक्षणात २१ मार्चला मोर्चा निघाला. पेट्रोल, पाणी आणि खाणं सेल्मातच घ्या, पुढे हायवेवर फारसं काही मिळत नाही. मोर्चेकऱ्यांच्या रात्रीच्या मुक्कामांच्या पाट्या वाटेत दिसतील. ती शेतं खासगी आहेत, तेव्हा रस्त्यावरूनच बघा. आपली शेतं मुक्कामाला देणारे हे कृष्णवर्णीय शेतकरी होते. मोर्चा निघून गेल्यावरही त्यांना तिथेच राहायचं होतं.

मग येते लाउंड्स काउंटी. माझ्या मते अख्ख्या प्रवासात सर्वात महत्त्वाची जागा हीच. १९६५ च्या सुरुवातीला इथे पाचातली चार माणसं कृष्णवर्णीय होती आणि मतदार यादीत त्यांच्यातलं एकही नाव नव्हतं. मोर्चानंतर लोकांनी नावं लावली, तशी जमीनमालकांनी कुळांना घराबाहेर काढलं. ती कुटुंबं हायवेशेजारी तंबूत राहिली. त्याच जागेवर आज राष्ट्रीय उद्यान विभागाचं माहिती केंद्र आहे. प्रवेश फुकट आहे, पण उघडण्याचे दिवस बदलतात, आधी चौकशी करा.

इथे आई सर्वात जास्त वेळ रमली ती मतपत्रिकेवरच्या चिन्हांच्या गोष्टीत. लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी अलाबामात पक्षाला चिन्ह लागायचं. तिथल्या डेमोक्रॅटिक पक्षाचा पांढरा कोंबडा होता. १९६६ मध्ये लाउंड्सच्या लोकांनी स्वतःचा पक्ष काढला आणि चिन्ह घेतलं काळा बिबट्या. ती निवडणूक ते हरले. पण चळवळीतले जॉन ह्यूलेट १९७० मध्ये याच काउंटीचे शेरीफ म्हणून निवडून आले. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे प्रत्येक प्रौढाला मत मागितलं होतं. त्यांना यातलं मोल समजावून सांगावं लागलं नसतं.

याच काउंटीत हायवेलगत व्हायोला लियुझो यांची स्मृतिशिळा आहे. डेट्रॉइटहून आलेली ही गोरी बाई २५ मार्चच्या रात्री मोर्चेकऱ्यांची ने-आण करत होती. कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णवर्चस्ववादी टोळीच्या माणसांनी चालत्या गाडीतून तिला गोळी घातली. गाड्या वेगाने जातात, नीट जागा बघूनच थांबा.

माँटगोमेरीत डेक्स्टर अव्हेन्यू चढून विधानभवनापाशी या. २५ मार्चला इथे सुमारे २५,००० लोक पोचले. अलाबामाचे गव्हर्नर वॉलेस यांनी त्या दिवशी त्यांचं निवेदन स्वीकारलं नाही. ६ ऑगस्टला मतदान हक्क कायदा झाला. त्याचा एक मोठा आधार, म्हणजे भेदभावाचा इतिहास असलेल्या राज्यांनी मतदानाचे नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी घेणं, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये काढून घेतला, तोही अलाबामातल्याच शेल्बी काउंटीच्या दाव्यात. आता कुठे मतदान केंद्र बंद झालं, कुठे यादीतून नावं गेली असं वाचते तेव्हा कोर्टाच्या त्या पायऱ्या आठवतात आणि संताप येतो.

दुसरा दिवस हाताशी असेल तर गुलामगिरीपासूनचा इतिहास सांगणारं लेगसी म्युझियम आणि झुंडबळींचं स्मारक बघा. म्युझियमच्या आत फोटो काढता येत नाहीत. लहान मुलांना हे फार जड जाईल, मोठ्यांनाही मधे बसावं लागतं. सेल्मात मार्चच्या पहिल्या शनिवार-रविवारच्या सुमारास दरवर्षी हजारो लोक एकत्र पूल ओलांडतात. त्या वेळी जायचं असेल तर हॉटेल काही महिने आधी घ्या, आणि माँटगोमेरीतच घ्या, सेल्मात खोल्या थोड्या आहेत.